तिथीच्या शुक्रवारी नेमबाजी

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला दोन कॅलेंडरं लटकलेली असतात. एक खालच्या फार्मसीनं दिलेलं, इंग्रजी आणि हिजरी तारखांचं. दुसरं साताऱ्याहून येणारं कुणीतरी दरवर्षी आणतं ते, तिथी-नक्षत्रांचं. पहिल्यावर मी जानेवारीतच नोव्हेंबरच्या एका शुक्रवार-शनिवारभोवती निळं पेन फिरवून ठेवलं होतं. दुसऱ्यावर माझ्या दिरांनी फोनवर सांगितलेली तिथी ऑगस्टमध्ये लाल पेनानं गोल केली. मग दोन्ही कॅलेंडरं खाली काढून टेबलावर शेजारी ठेवली. शुक्रवार एकच होता.

निळा गोल नेमबाजीच्या शिबिराचा. लाल गोल नवऱ्याच्या वर्षश्राद्धाचा.

तो गेला त्याला तारखेनं ऑक्टोबरातच वर्ष होणार होतं. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते तेव्हा. पण यंदा अधिक महिना आला आणि तिथी जवळजवळ तीन आठवडे पुढं सरकली. सरकून नेमकी तिथं जाऊन बसली जिथं त्यानंच मागच्या वर्षी आमची दोघांची नावं नोंदवली होती. ही गोष्ट मी पहिल्यांदा मुलीला सांगितली. ती अकरावीत आहे. तिनं दोन्ही कॅलेंडरं पाहिली आणि म्हणाली, "बाबा असता तर जाम हसला असता." मग पुढचं सगळं इंग्रजीत म्हणाली, की आता तू काय करणार आहेस.

मी म्हटलं, "जाणार आहे."

"कुठं? साताऱ्याला?"

"शिबिराला."

या एका उत्तरावर पुढचे तीन महिने गेले.

शिबिराची हकीकत आधी सांगायला हवी. माझा नवरा इथं गल्फमध्ये, शुऐबाच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होता. तिथं सुरक्षा प्रशिक्षण देणारा एक अमेरिकन गृहस्थ आहे, सत्तरीकडे झुकलेला, उंच, पांढऱ्या मिशांचा. तो आणि त्याचे दोन-तीन मित्र दर हिवाळ्यात शहराबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर दोन दिवस नवख्यांना रायफल शिकवतात. रायफली मैदानाच्या, लहान गोळीच्या, साध्या. नेमबाजीच्या मधेमधे ते लोकांना सावलीत बसवून आपल्या देशाच्या स्वातंत्र्ययुद्धाचा पहिला दिवस सांगतात. एप्रिलमधला एक दिवस, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत. रात्री घोडा दामटत गावोगाव खबर देणारा चांदीचा कारागीर, गवतावर रांगेत उभे राहिलेले शेतकरी, परतीच्या रस्त्यावर दगडी कुंपणांआडून झडलेल्या गोळ्या. शिबिराला येणाऱ्या प्रत्येकानंही त्या दिवसातली एक छोटी गोष्ट वाचून यायची आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांपुढं सांगायची असा तिथला रिवाज आहे.

नवऱ्याला बंदुकीत काही विशेष रस नव्हता. त्याला गोष्टीत रस होता. त्यानं त्या एका दिवसावरचं जाडजूड पुस्तक मागवलं, बसमधून शुऐबाला जाता-येता वाचलं आणि समासात पेन्सिलीनं मराठीत शेरे मारले. 'हे आपल्याकडे असतं तर आधी समिती नेमली असती.' 'स्वातंत्र्य कुणाचं? यांच्या घरच्या गुलामांचं काय?' 'म्हातारा ऐंशीचा. शाब्बास.' मग एक दिवस जेवताना म्हणाला, "दोघांचं नाव दिलंय. तू स्थिर हाताची आहेस, तू नेमबाजी कर. मी गोष्टी ऐकतो."

मी हसले होते. शिबिराला तीन आठवडे उरले असताना तो गेला. त्या अमेरिकन गृहस्थांनी दुःखाचं पत्र पाठवलं आणि खाली लिहिलं, तुमच्या दोन्ही जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवल्या आहेत. दुःखाची पत्रं मला तेव्हा शेकड्यानं येत होती. पुढच्या वर्षाचं बोलणारं ते एकच होतं.

दिरांना मी सप्टेंबरात सांगितलं. ते साताऱ्यात शाळेवर शिक्षक आहेत, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, सरळ माणूस. भावावर जीव होता त्यांचा.

"वहिनी, सुट्टी टाकली का? दादाच्या वर्षाची?"

"भाऊजी, मी दिवाळीनंतर नाही येत. डिसेंबरात येते, हिची शाळा बंद असते तेव्हा."

"वर्षश्राद्ध डिसेंबरात कसं होईल?"

"श्राद्ध तिथीलाच करा. तुम्ही करा. मी इथं असेन."

"ड्युटी आहे?"

इथं मी खोटं बोलू शकले असते. ड्युटी आहे म्हटलं असतं तर विषय संपला असता, गल्फमधल्या ड्युटीला गावात कुणी आव्हान देत नाही. मी म्हटलं, "नाही. नेमबाजीचं शिबिर आहे. त्यानं आमची नावं घातली होती."

फोनमध्ये मागं त्यांच्या अंगणातला मोटरपंप चालू होता.

"बंदूक चालवायला जाणार तुम्ही? वर्षाच्या दिवशी?"

"हो."

"लोक विचारतील मला. काय सांगू?"

"हेच सांगा."

"वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात, मी काय बोलू? पण तिकडं एकटं राहून डोक्यात काहीतरी घेतलंय तुम्ही. मी सारखं म्हणतोय, नोकरी सोडा आणि या इकडं. घर आहे, आम्ही आहोत. ऐकत नाही तुम्ही."

तेव्हा मला कळलं की तो शुक्रवार नुसता शुक्रवार राहिलेला नाही. मी श्राद्धाला गेले असते तर आवराआवरीची बोलणी त्याच बैठकीत झाली असती. दोन्ही बाजूंचे चुलते बसले असते, चहा फिरला असता आणि माझं पुढचं आयुष्य मायेनं, अगदी मायेनं ठरवून टाकलं गेलं असतं. मी इथं बावीस वर्षं एक्स-रे काढते. माझा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे, नवऱ्याच्या नव्हता. हे मला प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागतं आणि प्रत्येक वेळी लोक ते ऐकून पुन्हा म्हणतात, पण आता तिथं राहून करायचं काय.

आमच्या बनेद अल-गारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मराठी सिस्टर राहतात, निवृत्तीला आलेल्या. सगळे त्यांना ताई म्हणतात. त्यांनी पहिल्या तेरा दिवसांत माझ्या घरात डबे आणले, माझे केस विंचरले, हे मी विसरणार नाही. लिफ्टमध्ये त्यांना माझ्या हातात गुंडाळलेली चटई आणि कोपरांना बांधायचे जाड पट्टे दिसले. राई भागातल्या शुक्रवारच्या बाजारातून आणले होते. दुकानदारानं "बच्चे के स्केटिंग के लिए?" म्हणून विचारलं होतं आणि "मेरे लिए" म्हटल्यावर माझ्या गुडघ्यांकडे पाहून आणखी एक जोडी पुढं केली होती.

"योगा सुरू केला का गं?" ताई म्हणाल्या.

"नाही ताई. पालथं झोपून रायफल धरायची असते, कोपरं सोलवटतात."

लिफ्ट तिसऱ्यावर थांबली, दार उघडलं, बंद झालं, आणि आम्ही दोघी माझ्या मजल्यावर पोचलो तरी त्या उतरल्या नव्हत्या.

"कधी आहे हे?"

मी सांगितलं.

"अगं, त्या दिवशी दिवा लावून घरात बसतात. मौजमजा करत नाहीत, बाहेर पडत नाहीत. आणि तू गोळ्या झाडणार? कुणावर रागावलीयस एवढी?"

"कुणावर नाही."

"मग?"

"ताई, घरात मी वर्षभर बसलेच आहे."

"बरं बाई. मी कुणाला सांगणार नाही हो."

संध्याकाळपर्यंत इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मला तीन बायकांनी विचारलं, वहिनी बऱ्या आहात ना. एकीनं समुपदेशकाचा नंबर पाठवला. मी तिचे आभार मानले आणि मैदानावर काय काय आणायचं ती यादी फ्रिजवर कॅलेंडरांच्या मधोमध लावली. टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, पाणी, कानांसाठी बोळे, बताका म्हणजे इथलं ओळखपत्र, एक गोष्ट.

बंदूक घरी आणता येत नाही, आणावीशीही वाटली नसती. सराव करायचा तर तिच्याशिवायच. अमेरिकन गृहस्थांनी ईमेलवर सगळं लिहून पाठवलं होतं, शाळामास्तरासारखं, आकडे घालून. घरी एखादी काठी घ्या. पट्टा बांधा. भिंतीवर एक ठिपका काढा. चाप ओढायच्या क्षणी बोटाखेरीज काहीही हलता कामा नये. नळीवर नाणं ठेवा, ते पडता कामा नये. नेम धरलेला असल्याखेरीज बोट कधीही चापावर नको, काठी असली तरी नको.

काठी म्हणून मी कपाटामागची अॅल्युमिनियमची कुबडी काढली. त्याचा घोटा मुरगळला होता त्या वर्षीची. बगलेची गादी खांद्यात नेमकी बसली. सुटकेसला बांधायचा पट्टा तिला अडकवला आणि दंडाला वेढा दिला. दिवाणखान्यात टीपॉय सरकवून चटई टाकली. टीव्हीच्या वर भिंतीवर मुलीनं काळा गोल चिकटवला.

"आई, सिरियसली?" ती म्हणाली. "यू लुक लाइक अ लिझर्ड."

"नाणं ठेव."

तिनं शंभर फिल्सचं नाणं कुबडीवर ठेवलं. मी श्वास घेतला, रोखला, बोट आवळलं. नाणं पडलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा पडलं. बावीस वर्षं मी हलणाऱ्या माणसांना स्थिर करत आले. रडणारी पोरं, वेदनेनं तळमळणारे ड्रायव्हर, कंबर मोडलेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांना मी दोन सेकंद पुतळा करून ठेवते. आणि माझ्या स्वतःच्या नळीवर एक नाणं टिकेना.

चौथ्या-पाचव्या दिवशी मुलगी चटईच्या कडेला मांडी घालून बसली आणि माझ्याकडं न बघता फोन बघत म्हणाली, "तू काय पुटपुटतेस माहितीये? खुद नफस म्हणतेस."

म्हणजे अरबीत 'श्वास घ्या'. छातीचा फोटो काढताना आम्ही रुग्णाला हेच सांगतो. श्वास घ्या, मोठा घ्या, रोखा. छाती भरलेली असली की फुप्फुसं पूर्ण पसरतात आणि चित्र स्वच्छ येतं. दिवसात चाळीस वेळा मी ते म्हणते, आणि म्हणताना माझाही श्वास भरून रोखला जातो, हे मला कुणी सांगितल्याशिवाय कळलं नसतं. भरल्या छातीवर कुबडी भात्यासारखी वरखाली होत होती.

ईमेलमध्ये सहाव्या क्रमांकावर स्पष्ट लिहिलं होतं. श्वास घ्या, सोडा, आणि सोडल्यावर जो आपसूक विराम येतो त्या विरामात चाप ओढा.

"सोड की मग," मुलगी म्हणाली. "इट्स लिटरली रिटन देअर."

मी सोडला. आणि विराम यायच्या आत घाईनं दुसरा घेतला. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. तिला वाटलं मला जमत नाहीये. मी म्हटलं, आज पुरे, चटई गुंडाळ.

न जमण्याचं कारण मला ठाऊक होतं, तिला सांगितलं नव्हतं. त्याचा शेवटचा छातीचा फोटो मी काढला होता. आमच्याच हॉस्पिटलात, माझ्याच मशीनवर. दुसरी टेक्निशियन ड्युटीवर होती, मी तिला बाजूला केलं. खांदे पुढं, हनुवटी वर, असं मी त्याला कामाच्या आवाजात सांगितलं आणि तो म्हणाला, "जी मॅडम." श्वास घे म्हटलं तर त्याला अर्धाच घेता आला. रोख म्हटलं तर खोकला आला. चित्र हललं. मी ते पुन्हा काढलं नाही. त्यानंतर चौथ्या दिवशी वॉर्डात मी त्याचा हात धरून बसले होते. त्यानं श्वास सोडला आणि मी पुढच्याची वाट पाहत राहिले. सोडलेल्या श्वासानंतरची ती जागा कशी असते ते मला माहीत आहे. आणि एक पांढऱ्या मिशांचा माणूस मला लिहून कळवत होता की नेम धरायचा तो तिथंच.

आठवडाभर मी चटई उघडली नाही. त्या आठवड्यात दिरांचा फोन आला तेव्हा खरं तर मी ढिली पडले होते. 'येते' म्हणून टाकलं असतं. ते म्हणाले, "वहिनी, गुरुजींना विचारलं मी. पत्नी हजर नसली तरी चालतं म्हणाले. पण काकांनी ऐकून सांगितलंय, त्या दिवशी तिनं बंदूक धरली तर दादाला शांती मिळायची नाही."

"काकांना दादा काय म्हणायचा, आठवतं ना भाऊजी?"

ते हसले. हसू आवरायचा प्रयत्न केला, पण फोनवर ते ऐकू येतं. मग गंभीर होऊन म्हणाले, "तुमची मर्जी."

"हो," मी म्हटलं. फोन ठेवला आणि चटई काढली.

मग मला माझीच अक्कल आठवली. छातीचा फोटो भरल्या श्वासावर काढतात, पण पोटाचा सोडलेल्या श्वासावर. पोटाच्या रुग्णाला आम्ही सांगतो, सोडा, सगळा सोडा, आता थांबा. तेही मी हजारदा म्हटलंय. माणसं सोडतात, थांबतात, आणि मी "खलास" म्हटलं की पुन्हा श्वास घेऊन पँट सावरत निघून जातात. त्या थांबण्यात कुणी मेलेलं मी पाहिलं नव्हतं. मी चटईवर पालथी पडले आणि स्वतःला मोठ्यानं बजावलं, पोट, छाती नव्हे. मुलगी आतल्या खोलीतून ओरडली, "व्हॉट?" मी म्हटलं, "नाणं ठेवायला ये."

त्या दिवशी नाणं एकदा टिकलं. एकदाच.

गोष्ट निवडायची राहिली होती. त्यांनी यादी पाठवली होती. घोडेस्वार, ऐंशी वर्षांचा म्हातारा, पूल, कुंपणं. त्यात एक होती, गवतावरच्या पहिल्या गोळीबारात जखमी झालेल्या माणसाची. त्याचं घर समोरच होतं. तो सरपटत स्वतःच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि बायकोच्या पायाशी मेला. पुस्तकात ती दोन वाक्यांत आहे. पुढच्या परिच्छेदात सैन्य पुढच्या गावाकडं निघतं. समासात त्याच्या पेन्सिलीनं एकच शब्द आहे: 'नंतर?'

मी ईमेल केला, उंबऱ्याची गोष्ट मी सांगेन. उत्तर आलं, जरूर, पण ती फार छोटी आहे, त्या बाईबद्दल पुढं फारसं काही ठाऊक नाही, आणि आम्ही शक्यतो नोंदींना धरून असतो. खाली विचारलं होतं, तुमच्या पतीची जागा अजून तुमच्या नावावर आहे. प्रतीक्षा यादीत एक जण आहे. ती रिकामी ठेवायची आहे का?

रिकामी चटई शेजारी टाकून मी दोन दिवस तिच्याकडं बघत पडले आहे, असं चित्र क्षणभर डोळ्यांपुढं आलं. त्याला ते अजिबात आवडलं नसतं. मी लिहिलं, जागा त्यांना द्या.

आदल्या दिवशी दुपारी मी श्राद्धाचा स्वयंपाक केला. ताईंना वाटलं असेल की मी वळले, कारण वड्यांचा वास जिन्यात पसरला होता आणि त्यांनी वर येऊन न बोलता खीर ढवळली. वडे, खीर, आमसुलाची चटणी, कोशिंबीर. त्याच्यासाठी पान वाढलं, दिवा लावला, नमस्कार केला. मुलीनंही केला. मग मी उरलेलं सगळं मोठ्या डब्यांत भरायला लागले.

"हे कुठं नेतेस?" ताई म्हणाल्या.

"मैदानावर. श्राद्धाला माणसं जेवू घालायची असतात ना? तिथं वीस माणसं आहेत."

"गोरे खातील हे?"

"न खाऊन सांगतात कुणाला."

ताईंनी झाकण लावता लावता ओठ मुडपले. "चटणी वेगळ्या डब्यात दे," त्या म्हणाल्या. "नाहीतर वडे मऊ पडतील." मग दाराशी वळून पुन्हा म्हणाल्या, "मला हे पटलेलं नाही हं."

"माहितीये ताई."

शुक्रवारी सकाळी सातला मी मैदानावर होते. मुलगी बरोबर होती; वय बसत नसल्यामुळं ती मागं बाकावर बसणार होती, पुस्तक आणि डबे सांभाळत. हवा छान होती, नोव्हेंबरात इथं असते तशी. ओळीनं चटया टाकलेल्या. माझ्या उजवीकडे, त्याच्या जागेवर, एक तरुण मल्याळी नर्स आली. खरी रायफल कुबडीपेक्षा जड होती आणि तिला तेलाचा वास होता. पहिल्या दहा गोळ्या मी सगळ्या भरल्या श्वासावर झाडल्या. माहीत असून झाडल्या. कागदावर भोकं वरपासून खालपर्यंत शिवणीसारखी एका रेघेत पडली होती. अमेरिकन गृहस्थ गुडघ्यावर बसले, कागद पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, अशी उभी रेघ म्हणजे श्वास."

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

साताऱ्यात साडेनऊ-दहा वाजले असतील तेव्हा दिरांचा मेसेज आला. सुरू करतोय. मी फोन मुलीकडं दिला.

जेवणाच्या सुट्टीत सावलीत डबे उघडले. लोकांनी आधी एकेक वडा उचलला, मग दोन-दोन. पांढऱ्या मिशांना खीर लागली. कुणीतरी विचारलं, आज काही सण आहे का. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याचं वर्ष आहे. त्या दिवशी आम्ही लोकांना जेवू घालतो. हात थांबले. मी म्हटलं, थांबू नका, थांबायचं नसतं. मल्याळी नर्सनं सगळ्यांच्या आधी पुढचा वडा घेतला.

मग माझी पाळी आली. मी माणसांपुढं बोलणारी नाही. पुस्तक हातात घट्ट धरून मी ती दोन वाक्यं वाचली. मग म्हटलं, पुस्तक इथं थांबतं. सैन्य पुढं जातं आणि आपणही त्याच्याबरोबर पुढं जातो. ती बाई उंबऱ्यात आहे. त्याला आत कुणी घेतलं? एकटीला उचलत नाही, मेलेला माणूस फार जड होतो, म्हणजे तिनं शेजाऱ्यांना हाक मारली असणार. उंबरा कुणीतरी धुतला असणार. संध्याकाळी चूल पेटवावी लागली असणार, घरात कुणी ना कुणी भुकेलं असतंच. आठवड्यानं लोक म्हणाले असणार, आता तू इथं एकटी राहून काय करणार. आणि दरवेळी बाहेर जाताना तिला तोच उंबरा ओलांडावा लागला असणार. दिवसातून कितीतरी वेळा.

अमेरिकन गृहस्थ हळूच म्हणाले, "मॅडम, हे सुंदर आहे. पण याची नोंद कुठं नाही."

"नोंद नाही म्हणून तुम्ही पुढच्या गावाला जाता," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा, मी तो उतरवला नाही. "मी हे सगळं केलंय. ओळीनं सांगू शकते."

अमेरिकन गृहस्थांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बाकावरून मुलीनं माझ्याकडं असं पाहिलं की त्या नजरेसाठी मी आणखी दहा काकांशी भांडले असते.

दुपारी पुन्हा चटईवर. त्यांनी सांगितलं, डोळे मिटा, श्वास घ्या, सोडा, डोळे उघडा. नळी जिथं वळली असेल तिथून ढकलून आणू नका. स्वतः सरका. मी कोपर बोटभर डावीकडं घेतलं. पट्टा दंडात रुतला. श्वास सोडला. ती जागा आली. ओळखीची होती. मी तिथून पळाले नाही. बोट आवळलं, दणका खांद्यात बसला, आणि मग छाती आपली आपण भरली, मी न सांगता. पुन्हा सोडला. पुन्हा तिथं थांबले. दहा वेळा. शेवटच्या गोळीपर्यंत मी रडत होते हे मला काळा गोल धूसर दिसायला लागल्यावर कळलं, आणि तरी मी ती झाडली.

कागदावर उभी रेघ नव्हती. सात भोकं मुठीत मावतील अशी जवळ होती, तीन भरकटलेली. "ही तीन?" अमेरिकन गृहस्थ म्हणाले. "ही माझी," मी म्हटलं. त्यांनी कागद घडी न घालता माझ्या हातात दिला.

परतताना गाडीत दिरांचा फोन आला. मुलीनं स्पीकरवर घेतला.

"वहिनी, झालं सगळं. नीट झालं. काकाही जेवून गेले."

"इकडंही सगळे जेवले."

"कोण सगळे?"

"वीस जण. खीर उरली नाही."

"वीस?" मग म्हणाले, "आणि ते... जमलं का?"

"तीन भरकटल्या."

"बरं." पंप चालू होता मागं. "वहिनी, काका विचारत होते. मार्चमध्ये हिची परीक्षा झाली की मग इकडंच या म्हणत होते. कायमच्या. काय सांगू?"

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. समोर समुद्राच्या बाजूनं आमच्या इमारतींची रांग दिसायला लागली होती. मागच्या सीटवर रिकामे डबे एकमेकांवर आपटत होते.

"नाही म्हणून सांगा," मी म्हटलं. "आणि भाऊजी, आता ठेवते. उद्या सकाळी सातला पुन्हा जायचंय. शिबिर दोन दिवसांचं आहे."